झरीच्या रस्त्यावरचा हॉर्न

हे खरं आहे. खोटं लिहायचं असतं तर मी स्वतःला यात जरा बरा माणूस दाखवला असता.

मागच्या वर्षीची एकोणीस जानेवारी. दुपारचे सव्वाचार. झरी मागे टाकून आम्ही परभणीकडे येत होतो. मी आणि माझा पुतण्या पियुष.

मी मार्तंड. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. लग्न केलं नाही, म्हणून पियुष आणि त्याची बायको योगिनी यांच्याकडेच राहतो.

पियुषने नवी हायब्रीड गाडी घेतली होती, सात सीटची. दिसायला आटोपशीर, गल्लीतही सहज वळायची. हळू चालली की नुसत्या बॅटरीवर चालायची. अजिबात आवाज नाही. सिग्नलला थांबलो की त्याचा एक खेळ असे.

"काका, सांगा बरं, गाडी चालू हाय का बंद?"

"बंद."

"चालूच हाय की! एवढी पुस्तकं वाचून काय उपयोग तुमचा?"

मीही हसायचो. मला खरंच कधी ओळखता आलं नाही.

त्या दिवशी रस्त्यावर तूर पसरलेली होती. आमच्याकडे हंगामात डांबरी रस्त्यावरच तूर टाकतात. वरून गाड्या गेल्या की शेंगा फुटतात, मळणी होते. बाया खराट्याने दाणे लोटत असतात. गाडीचा आवाज आला की बाजूला होतात. मागे वळून बघत नाहीत. कान असतात ना.

पुढे एक म्हातारी होती. पाठमोरी.

खर्र... खर्र...

पियुषने वेग कमी केला. गाडी बॅटरीवर गेली.

आणि तो समोरच्या पडद्यावर बॅटरीकडून चाकांकडे धावणारे बाण बघत राहिला.

धप्प.

पोतं पडावं, एवढाच आवाज.

आम्ही तिला मधल्या सीटवर निजवलं. मुठीतला खराटा सुटेना, म्हणून तोही आत घेतला. ती माझ्याकडे बघत होती.

"आवाज... आला न्हाई रं बाबा."

दवाखान्याच्या फाटकाशी ती गेली. नाव बायनाबाई.

पोलिसांना पियुष म्हणाला, "तीनदा हॉर्न दिला. बाई बहिरी होती."

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी गोंधळलो. दिला होता का? माझं वय एकाहत्तर. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारी आठवत नाही.

"दिला असेल," मी म्हणालो.

जमादाराने 'दिला' असं लिहिलं. मी सही केली.

ठाण्याच्या दारात तिची मुलगी रेणुका उभी होती.

"माय बहिरी नव्हती, काका. गोठ्यात वासरू हाललं तरी उठून बसायची. तुमी म्होरंच बसला होता ना? मग सांगा की, वाजला का हारन?"

मी चपलांकडे बघत राहिलो.

पंधरा दिवसांनी सुरू झालं.

गाडीत आम्ही दोघंच, पुढे. आणि टिंग... टिंग... मधल्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजते, ती घंटी.

मागे कुणी नव्हतं.

पियुषने चिडून रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. घंटी थांबली. मी वळून पाहिलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता... वीतभर पुढे होता. ताणलेला.

मग हॉर्न गेला. शोरूममध्ये वाजायचा. रस्त्यावर आलं की मुका.

"वायरिंगचा लोचा हाय, काका," पियुष म्हणायचा. पण 'चालू का बंद' हा खेळ त्याने बंद केला होता.

एकदा मी धीर करून म्हणालो, "आपण रेणुकाकडे जाऊ. खरं काय ते सांगू."

"सही तुमची हाय. नक्की आठवायलंय का तुमाला? न्हाई ना? मग गप बसा."

मी गप्प बसलो. ते मला चांगलं जमतं.

मार्चमधला दुसरा रविवार. सकाळचे दहा. गाडी अंगणात, फाटकाकडे तोंड करून. पियुष फाटकाशी लिंबाचा पाला लोटत होता. ओसरीवर मी पेपर वाचत होतो. गाडीची किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी.

खर्र... खर्र...

दोन ओळी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. योगिनी प्लास्टिकच्या झाडूने अंगण झाडते. आमच्या घरात खराटा कधी नव्हताच...

मी मान वर केली.

पियुष पाठमोरा होता. गाडी सरकत होती.

आवाज नाही. कसलाच नाही.

मी ओरडलो. "पियुष!" जीव खाऊन ओरडलो. छातीत कळ आली, घसा सोलून निघाला... पण आवाज बाहेर पडला नाही.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

धप्प.

मी पोचलो तेव्हा तो फाटकाच्या खांबाला टेकलेला होता. गाडी आणि खांब यांच्या मध्ये. मूठ रिकामी. आसपास कुठेही खराटा नव्हता.

"काका... आवाज का न्हाई दिला?"

एवढंच बोलला. मग नाही.

योगिनी स्वयंपाकघरातून धावत आली. तिथली खिडकी उघडीच होती.

"तुमी इथंच होता ना, काका? मग हाक तरी मारायची!"

जमादार तोच होता. त्याने विचारलं, "आवाज दिला होता का तुमी?"

"दिला," मी म्हणालो. या वेळी मला नक्की आठवत होतं.

त्याने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न लिहिता खाली ठेवलं.

योगिनी सोनपेठला माहेरी गेली. गाडी अंगणातच आहे, कव्हर घालून. चालू आहे की बंद, मला अजून ओळखता येत नाही.

रेणुकासाठी लिहिलेलं पत्र खिशात आहे. हॉर्न वाजला नव्हता, एवढंच त्यात आहे. तीनदा झरीच्या एसटीत बसलो. तीनदा उतरलो.

रोज सव्वाचारला अंगणातून खराट्याचा आवाज येतो. त्याची आता सवय झाली आहे. तो येतो तोवर बायनाबाई कुठे आहे, हे तरी कळतं.

आत्ता साडेचार वाजले आहेत. दाराकडे पाठ करून मी हे लिहितो आहे.

आज आवाज आलेला नाही...