टेपच्या शेवटची शांतता

चाचणीची रेकॉर्ड, म्हणजे बाकीच्या छापण्याआधी ऐकून पाहायची पहिली प्रत, आणायला मी स्वतःच कारखान्यात गेलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. ती काळी तबकडी सांभाळून आणली, दादाच्या टेबलावर ठेवली आणि चहा टाकला. इतकं साधं काम होतं हो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी हा विषय काढत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. टेपवरचं संगीत रेकॉर्डवर कोरण्यात त्याची हयात गेली. डावा कान कधीच गेलेला. उरलेल्या उजव्या कानावर त्याचं पोट, त्याचा मान आणि त्याचा तोरा, सगळं उभं होतं. माझं काम त्याच्या आधीचं, जुन्या टेपा साफ करण्याचं. आमचं पटायचं नाही. त्याला मी उतावळा वाटायचो आणि मला तो शिष्ट.

या वेळची टेप रशियन वाद्यवृंदाची होती, साठ वर्षांपूर्वीच्या मैफलीची. घरात कपाटाएवढे स्पीकर लावून बसणाऱ्या कानसेनांसाठी तिची नवी, भारीतली आवृत्ती निघणार होती. दादाने बजावलं होतं, "लोक खोकलेत तर खोकू देत. टेपला हात लावायचा नाही." मी ऐकतोय कशाला! व्हायोलिनं हळूच थांबतात आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी खोकतं, की माझं डोकं उठतं. थांब्यांमधले एकोणीस खोकले मी काढून टाकले आणि दादाला पत्ता लागू दिला नाही.

खोकला काढला की तिथे भोक पडतं. ते बुजवायला शांतता चिकटवावी लागते, आणि ती शेजारचीच घ्यायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी आळस केला. मैफल संपून सगळे निघून गेल्यावरही टेप तशीच चालू राहिली होती. त्या रिकाम्या सभागृहाची दीड सेकंद शांतता मला फार स्वच्छ वाटली. तोच एक तुकडा उचलला आणि एकोणीस ठिकाणी लावला.

दादाची खोली बंदिस्त. खिडकी नाही, भिंतींना जाड गाद्या, गरम यंत्राचा वास. दोघांनी हेडफोन चढवले. चाचणी सुरू झाली की बोलायचं नाही, हा त्याचा नियम.

पहिला थांबा आला. दूर कुठेतरी, सभागृहाच्या अगदी मागे, लाकडी खुर्ची करकरली.

मी दचकलो. त्या तुकड्यात काही नव्हतं, शंभर वेळा ऐकला होता मी तो. दुसऱ्या थांब्यात एक पाऊल वाजलं. तिसऱ्यात आणखी एक, जरा अलीकडे. सगळे तुकडे एकच होते, त्यांच्यात तसूभर फरक असणं शक्य नव्हतं. तरी कोणीतरी रांगांमधून पुढे येत होतं, आणि सगळं उजव्या बाजूने. आठव्या थांब्यानंतर खोलीत ओल्या लोकरीचा वास आला. अकराव्याला श्वास ऐकू आला, आणि मी हेडफोन काढून फेकले.

"दादा, काढ ते."

"श्श."

"दादा... मी खोकले काढलेत. एकोणीस."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता मुस्कटात बसते.

"भोकं कशाने बुजवलीस?"

"शेवटच्या शांततेने. लोक गेल्यावरच्या..."

"नालायका," तो हळूच म्हणाला. "आता एकेक मोजतो. आणि उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही." त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

ते ओढून काढायला हवे होते मी. पण माझंही डोकं फिरलं होतं. मनात म्हटलं, ऐक. कानाची फार घमेंड आहे ना तुला, ऐक मग. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तो बोटांवर मोजत होता. सतरा. अठरा. मग बोटं थांबली. कोणाला तरी उत्तर द्यावं तसा तो म्हणाला, "हो."

त्याने हेडफोन अलगद टेबलावर ठेवले. त्यातून व्हायोलिनं मला इथवर ऐकू येत होती.

"संपली का रे?" दादाने विचारलं. "काहीच वाजत नाहीये..."

डॉक्टरांनी तीनदा तपासलं. कान ठणठणीत होता, आणि त्याला काडीचं ऐकू येत नव्हतं. रेकॉर्ड मी फोडली, कारखान्याचं काम थांबवलं. त्याने दादाचा कान थोडाच परत येणार होता!

अकरा दिवसांनी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं. दादा पाठमोरा, खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी अनवाणी, सतरंजीवरून, आवाज न करता आत गेलो. दहा पावलांवर असेन, तेवढ्यात तो म्हणाला, "आलास?"

वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला. मला तर आनंदाने काही सुचेना. समोर जाऊन कागदावर लिहिलं, 'माझी पावलं ऐकू आली तुला?'

त्याने वाचलं, मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"तुझी नाही रे," दादा म्हणाला. "त्याची आली. तुझ्या मागे मागे आला... आत्ता थांबला."