हलकं फिरणारं यंत्र

खोटं वाटत असेल त्याने बोरीला येऊन बघावं. यंत्र अजून आहे. आमच्याच घरात. इतकी वर्षं फळीवर, फडक्यात बांधलेलं होतं.

साल त्रेपन्न. हिवाळा. झालं ते रविवारच्या भर दुपारी. काळोख नाही, काही नाही. अंगणात लख्ख ऊन होतं.

माझ्या आजेसासूची, म्हाळसाबाईची, सासू नर्मदाबाई त्याच दिवाळीत गेली. म्हाळसाबाई रडली नाही. मेंढरं होती, पाणी भरायचं होतं, रडायचं राहूनच गेलं.

अवघड होतं ते नवऱ्याचं. रझाकारांच्या धामधुमीत लाठीच्या एका फटक्यात मुंजाजीच्या दाढा गेल्या होत्या. तेव्हापासून त्याची माय चिंचेच्या ओंडक्यावर दोन सुऱ्यांनी मटण बारीक करायची. डक डक... डक डक... तो खिमा धुतलेल्या आतड्यात भरायची, लोकरीच्या दोऱ्यानं टोकं बांधायची, उकडून निखाऱ्यावर भाजायची.

माय गेली अन् मुंजाजीचं जेवण सुटलं. रुसून नव्हे. दोन घास घ्यायचा अन् ताट सरकवायचा. बरगड्या दिसायला लागल्या.

म्हाळसाबाईला दोन सुऱ्यांचं ते कसब येत नव्हतं. सासूनं शिकवलं नाही, हिनं विचारलं नाही. दोघी सारख्याच.

म्हणून ती लोकरीच्या गाडीत बसून शेजारच्या छबूबाईबरोबर सेलूला गेली. जुन्या सामानाच्या दुकानात किशनरावांनी खिम्याची तीन यंत्रं पुढं मांडली.

"हे मोठं खानावळीचं. तुमाला लहान बरं. मेजाच्या कडेला आवळून बसवायचं. घरात मेज हाय ना?"

"मेज?" छबूबाई म्हणाली. "आमच्यात पावण्याला पाट मागून आणावा लागतो, किशनराव."

म्हाळसाबाईनं तिन्ही यंत्रांच्या मुठी फिरवून पाहिल्या. पहिलं खर्रखर्र करायचं. दुसरं मध्येच अडायचं. तिसरं जुनं, डागाळलेलं... पण मूठ अशी फिरली की हात काढला तरी थांबेना.

"अक्का, लय हलकं फिरायलंय की!" छबूबाई म्हणाली.

"म्हणूनच घ्यायचं."

"जुनं हाय बरं का," किशनराव म्हणाले. "मागनं तक्रार न्हाई."

घरी मेज नव्हतंच. तिनं सासूचा ओंडका ओढला. कड जाड होती, यंत्र बसेना. कुऱ्हाडीनं तासली. घाव घालताना हात जरासुद्धा थांबला नाही... हे तिला नंतर कैक वर्षं आठवायचं.

रविवारी मटणाचा वाटा आला. तिनं तुकडे यंत्रात टाकले, मूठ फिरवली. जाळीतून काहीच येईना. तसंच सोडून ती अंगणात आतडी धुवायला बसली.

आणि आतून आवाज आला...

डक डक... डक डक...

"छबू, तू हाईस का गं आत?"

"मी हितं हाय, अक्का." छबूबाई तिच्या समोरच, घागर घेऊन उभी होती. "आत कोन हाय?"

मुंजाजी मेंढरांकडं होता. घरात कोणी नव्हतं.

आवाज थांबला.

दोघी आत गेल्या. यंत्राखालची परात खिम्यानं भरली होती. खिमा यंत्राचा नव्हता. लहानमोठा, सुरीनं तोडलेला. अन् परातीच्या कडेला एक चिमूट वेगळी काढलेली... कुत्र्यासाठी. नर्मदाबाई काढायची तशी.

यंत्राची मूठ अजून हलत होती.

त्या दिवशी मुंजाजीनं ताट पुसून खाल्लं.

"मायच्या हातचं हाय," एवढंच म्हणाला.

असे चार रविवार गेले. म्हाळसाबाई तुकडे टाकायची अन् बाहेर जाऊन बसायची. छबूबाई ओसरीसुद्धा चढेना. म्हाळसाबाईला मात्र भीती वाटलीच नाही. ताट रिकामं व्हायचं, तिला तेवढंच दिसायचं.

मग छबूबाईचा भाऊ लिंबाजी आला. सेलूच्या जिनिंगमध्ये कामाला. तेल घालतो म्हणून त्यानं यंत्र उघडलं.

"अक्का, ह्यातलं पातं कुठंय?"

"कसलं पातं?"

"कापायचं! आतलं मळसूत्र नुसतं मटण पुढं ढकलतं. म्हणून तर हलकं फिरायलंय. फसलात की ओ तुमी!" तो हसला. मग हसू विरलं. "पण मग... महिनाभर खिमा कसा केलात?"



पुढच्या बाजाराला त्यानं पातं आणून बसवलं. त्या रविवारी यंत्र खर्रखर्र चाललं. खिमा छान, एकसारखा आला. अंगणात शांत होतं.

मुंजाजीनं एक घास घेतला. ताट सरकवलं. तीन दिवस पाण्यावर राहिला. चौथ्या दिवशी, रानात गेलेल्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं,

"माय गेली का गं?"

माय गेली, हे त्याच्या तोंडी दिवाळीपासून पहिल्यांदा आलं.

रविवारी म्हाळसाबाईनं पातं काढलं, चिंधीत गुंडाळून छपरात खोचलं. तुकडे टाकले. दाराकडं पाठ करून अंगणात बसली.

काहीच नाही...

ऊन सरकलं. हातातली आतडी गार पडली. तासलेला ओंडका तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग मागं न बघता ती म्हणाली,

"आत्याबाई, चुकलं माझं. मला येत न्हाई. तुमीच करा."

बराच वेळ गेला...

डक.

मग डक डक... डक डक...

तेव्हा ती रडली, असं घरचे सांगतात. छबूबाई सांगायची, रडलीबिडली नाही, नुसती आतडी धूत राहिली. धुतलेलीच.

मुंजाजी पुढं एकोणीस वर्षं जगला, खाऊनपिऊन. तो गेला त्यानंतर यंत्रात कोणी तुकडा टाकला नाही. पातं छपरातच राहिलं.

परवा फडकं बदलायला मी यंत्र खाली काढलं. सहज मूठ फिरवली. हलकी फिरली. फडकं झटकायला अंगणात गेले, छबूबाईच्या सुनेशी दोन शब्द बोलले, परत आले...

मूठ अजून फिरत होती.

नवं फडकं बांधायचं माझ्याच्यानं झालं नाही. आज चौथा दिवस. यंत्र तसंच उघडं आहे, अन् मी स्वयंपाक ओसरीवर करते.