तीन हापशांची डाळ

“गोड पाण्याची गं डाळ, जशी लोणी विरघळे,
खाऱ्या पाण्याची गं डाळ, तिले जाळही न कळे!”

रेणुका लहान असताना झुंबरआजी चुलीपुढे बसून हे गायची. आजी जाऊन वर्षं लोटली, पण आज बुद्धविहाराच्या हापशीपाशी उभ्या असलेल्या रेणुकाला तो आवाज पुन्हा ऐकू आला. समोर सरपंच सरस्वतीबाई सांगत होत्या, “ही हापशी खारी झाली. उद्या दांडा काढू. आता फिल्टरचे जार घ्या.”

विहाराभोवतीची सगळी घरं याच हापशीवर जगत होती. रोज विकतचे जार आणणं तिथं कुणालाच झेपणारं नव्हतं.

“दिवाळीपर्यंत तं पाणी गोड होतं!” रेणुका म्हणाली.

“पोरी, आपला पट्टाच खारा. जमिनीतच मीठ, कोण काय करन?” मोतीराम हसला. जारांचं फिल्टर केंद्र तोच चालवायचा, आणि ते दिवाळीनंतरच सुरू झालं होतं.

शाळेला सुट्टी होती. रेणुकानं धाकट्या संघर्षला आणि मैत्रीण प्रतीक्षाला गाठलं. “चला, डाळ शिजवायची!”

“एवढ्या उन्हात? तुले काऊन भूक लागली?”

“गप रे! जमीनच खारी असन, तं गावात सगळीकडची डाळ कडक राहीन. पाहू तं खरं!”

एक पाणी शाळेच्या हापशीचं, गावाच्या पार टोकाचं. दुसरं विहाराचं. तिसरं फिल्टरच्या भिंतीलगतच्या हापशीचं. सारखी भांडी, मूठमूठ तूरडाळ, एकच लांब चूल. तिन्ही भांडी एकदमच उतरवली.

शाळेची डाळ पळी लागताच मोडली. विहाराची ताठच राहिली. तिसरी संघर्षनं तोंडात टाकली आणि तो ओरडला, “माय वं! दात गेला माझा!”

प्रतीक्षानं कोळशानं फरशीवर गावाचा नकाशा काढला. “पाह्य ना! फिल्टरकडे जावं तसं मीठ वाढून राह्यलं!”

“अन् वाढलं कधीपासून? दिवाळीपासून!” रेणुकाचे डोळे चमकले. “मशीन पाण्यातलं मीठ काढते. मंग ते मीठ जाते कुठं?”

तिघंही सुसाट पळाली.

फिल्टरमागं बोरीच्या काट्यांनी झाकलेली पडकी विहीर होती. काट्यांतून एक पाइप आत उतरला होता, तोंडाशी पांढरीफेक पुटं चढलेला. आत धार पडत होती. संघर्षनं बोट लावून चाटलं. “थू! थू! समुद्रच हाय!”

“तू कवा पाह्यला समुद्र?”

“चाटला ना आत्ता!”

“कोण हाय बे तिथं?” मोतीराम धावत आला. “थांबा, घरी सांगतो तुमच्या!”

“सांगा! आम्हीबी सांगतो!” रेणुका पळता पळता गरजली.

सकाळी मिस्त्री पाना घेऊन आला, तेव्हा रेणुका हापशीच्या दांड्याला मिठी मारून उभी होती.

“सर बाजूले!” सरस्वतीबाई म्हणाल्या.

“नाई सरत! आधी डाळ खा!”

लोक हसले. पण प्रतीक्षानं तिन्ही भांडी पुढं ठेवली, कोणती कुठली ते सांगितलं, पाइपाचंही सांगितलं. सरस्वतीबाईंनी तिन्हींतले दाणे चावून पाहिले. तिसऱ्याला त्यांचा चेहरा बदलला.

“तो पाइप पावसाच्या पाण्याचा हाय,” मोतीराम पुटपुटला.

“मे महिन्यात कोणता पाऊस, काका?” संघर्षनं विचारलं. आता हसू मोतीरामवर फुटलं.

सरस्वतीबाईंनी मिस्त्रीला परत पाठवलं. रेणुकाच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “शाब्बास गं! आम्हाले जे सुचलं नाई, ते तुम्ही पोरांनी करून दाखवलं.”

रेणुकानं दांडा सोडला नाही. “शाबासकी मंग द्या, मावशी. आधी हे सांगा, मीठ जमिनीचं का फिल्टरचं?”

सगळे मोतीरामकडं वळले.

“फिल्टरचं,” तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला. “दिवाळीपासून मीच सोडून राह्यलो. वाटलं, खाऱ्या जमिनीत खारं टाकलं, तं काय फरक पडते!”