दुसऱ्या डब्यातलं गाणं

बाबांचं घशाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि त्यासाठी संध्याकाळीच दवाखान्यात भरती व्हायचं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. इकडे सुनेला सातवा महिना. होणाऱ्या नातवंडाला आजोबांचा आवाज कधी ऐकायलाच मिळू नये? मुलाच्या जिवाला ते काही पटेना. त्यानं ठरवलं, बाबांनी रचलेली अंगाई आज दुपारीच रेकॉर्ड करून टाकायची.

जाहिरातींची गाणी तो घरातच करायचा, त्यामुळे सामान हाताशी होतं. पण बाबांचा गळा, त्यांची गिटार आणि सोबतीला गाणारी आई म्हणजे माइक लागणार तीन, आणि त्याच्या ऑडिओ इंटरफेसला, माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या त्या डब्याला, जागा दोनच. मग आईच्या माइकसाठी मित्राकडून दुसरा डबा उसना आणला. या मित्राला सगळे बेसूर म्हणत, कारण तो बेसूर वाजवतच नसे.

"दोघांना एकाच घड्याळावर चालव बरं का," बेसूरनं बजावलं होतं. "नाहीतर ज्याची त्याची चाल वेगळी. सुरुवातीला कळतही नाही, मग एक हळूच पुढं सटकतो."

"काय हा वायरींचा पसारा!" आई म्हणाली.

"आज गाऊ दे गं," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उद्यापासून घरात तुझंच राज्य."

आई हसली आणि तोंड फिरवून तिनं डोळे पुसले. ते बघून मुलगा घाईघाईनं माइक लावायला लागला आणि त्या गडबडीत दोन डब्यांची घड्याळं जुळवायची तो साफ विसरला.

गाणं झालं. आईबाबा बॅग भरायला आतल्या खोलीत गेले. मुलगा ऐकायला बसला. पहिलं कडवं छान जुळलेलं. तिसऱ्यापर्यंत मात्र दुसऱ्या डब्यातली आई बाबांच्या पुढं पळायला लागली.

"घ्या! खाल्ली माती," तो स्वतःवरच चिडला.

मग त्याला दिसलं, पडद्यावर आईच्या आवाजाची पट्टी बाबांच्या पट्टीहून कितीतरी लांब गेली होती. दोन्ही रेकॉर्डिंग तर त्यानं एकदमच थांबवली होती! त्यानं हेडफोन चढवले आणि तेवढाच जास्तीचा भाग लावला.

आधी नुसती शांतता. मग पाळण्याची कुरकुर. घरात पाळणा अजून आलाच नव्हता. मग गिटार, आणि बाबांचा आवाज. स्वच्छ, मोकळा, त्याच्या लहानपणी असायचा तसा. त्याचे डोळे भरून आले. म्हणजे आवाज वाचणार तर! डॉक्टरांना काय कळतंय!

तेवढ्यात आई कुजबुजली.

"अहो... पुरे ना आता."

गाणं चालूच राहिलं.

"ऑपरेशनमध्येच गेलात ना तुम्ही?... मग असं रोज दुपारी येऊ नका हो. बाळ तुमच्याकडं बघून हसतं... मला भीती वाटते."

मुलगा ताडकन उठला. मागं वळून बघतो तर दारात बाबा, खांद्याला बॅग.

"नीट आलंय का रे? ऐकू दे."

"नको बाबा... आज जायलाच नको आपण... ऐका माझं..."

पण बाबांनी हेडफोन काढून घेतलेसुद्धा. ते डोळे मिटून ऐकत राहिले. बॅगेच्या पट्ट्यावरची त्यांची बोटं घट्ट आवळली, मग हळूहळू सैल पडली.

बाबांनी हेडफोन टेबलावर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"कसं खुदुखुदु हसतंय रे लबाड!" ते म्हणाले. मग बॅग सावरत, स्वतःशीच बोलावं तसं पुटपुटले, "दुपारचंच बरं. बाळ जागं असतं."