मेणाची जखम

“हात वर धरा. अजून वर. आणि घाबरू नका.”

असं म्हणत एका अनोळखी माणसाने भर बसस्टॉपवर माझं मनगट धरलं. मी घाबरले खरी, पण ती त्याच्या पकडीला. जखमेला कशाला घाबरू? ती सकाळी मीच केली होती... मेण, रंग आणि साखरेच्या पाकात लाल रंग कालवून केलेलं रक्त.

मी सांगायला तोंड उघडलं, पण तो ऐकून घेईल तर ना. त्याने मला बाकावर बसवलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सरळ हातावर ओतली. माझी अख्ख्या सकाळची मेहनत सुटली आणि त्याच्या बुटावर जाऊन पडली.

तो बुटाकडे बघत राहिला. मग माझ्या धडधाकट हाताकडे.

“रागवावं की हसावं, तेच कळत नाहीये,” तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगून टाकलं. मी नाटकात मेकअप करते. आमच्या नव्या नाटकात नायक शिडीवरून पडतो आणि मध्यंतरानंतर कपाळ फुटलेल्या अवस्थेत येतो. चाचणी प्रयोगाला त्याला बघून लोक चक्क हसले. दिग्दर्शकांनी तेव्हाच बजावलं होतं — पहिल्या प्रयोगाला पुन्हा हसले, तर माझ्या जागी दुसरं कुणी येईल. म्हणून मी हातावर जखमा करून गावभर हिंडत होते, कुणी फसतंय का ते बघायला. कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. फसलेला हा पहिलाच.

तो इस्पितळात प्लास्टर घालायचं काम करायचा. दिवसभर मोडलेले हातपाय बघणारा माणूस. त्याने खाली पडलेलं मेण उचललं, उलटसुलट करून बघितलं.

“जखम उत्तम आहे. चुकताय ते तुम्ही,” तो म्हणाला. “ज्याला लागलंय तो अशी पिशवी झुलवत चालत नाही. दुखतं त्या जागेवर सगळं अंग पहारा देतं.”

“मग तुम्ही का धावत आलात?”

तो जरा अडखळला. “मी तुमच्याकडे बघत होतो... जखम नंतर दिसली.”

माझे कान तापले. बस आली आणि निघूनही गेली. आम्ही दोघंही बाकावरच.

दुसऱ्या दिवसापासून तो ड्यूटी संपली की तालमीला येऊ लागला. डोक्याला मार लागलेला माणूस मान कशी वळवत नाही, खुर्चीत बसताना आधी हाताने खुर्ची कशी चाचपतो, हे सगळं त्याने नायकाकडून घोटून घेतलं. काम झालं की शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा. त्याला यायला उशीर झाला की माझं लक्ष दारात. आमचे कपडे सांभाळणाऱ्या मावशी — माझ्या आईची धाकटी बहीण — सुईत दोरा ओवता ओवता विचारायच्या, नायकाची तालीम चाललीये की नायिकेची? मी ऐकू न आल्यासारखं करायचे. मला सगळं ऐकू यायचं.

पहिल्या प्रयोगाला मध्यंतर झालं. नायक आरशासमोर येऊन बसला. मी घाईघाईत मेणाचा घट्ट बसलेला डबा सुरीने उघडायला गेले... सुरी अडकली, मूठ पात्यावर घसरली आणि उजवा तळहात खोल चिरला.

मावशी वळून म्हणाल्या, “वा पोरी, या खेपेला रक्त अगदी खऱ्यासारखं जमलंय.” दिव्यांचं बघणारे काका दारातून डोकावले आणि तेही मान डोलावून गेले. नायकाने तर हे त्याच्या कपाळावर लावणार का, असं विचारलं. कळ एवढी आली की मी दात आवळून हात पोटाशी धरला. इतकी वर्षं लोकांना फसवायला शिकले आणि नेमक्या वेळी घरचेच फसले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून उठून तो मला शुभेच्छा द्यायला आला. त्याने रक्ताकडे बघितलंच नाही. माझा उचललेला खांदा बघितला, पोटाशी घट्ट धरलेला हात बघितला.

“हे खोटं नाहीये,” तो म्हणाला.

पुढे सगळं भराभर झालं. मावशींनी कपाळावर हात मारून घेत स्वच्छ कापड आणलं. त्याने हात धुतला, दाबून धरला, पट्टी बांधली. रक्त थांबलं. पण बोटं वळेनात. बाहेर पहिली घंटा झाली आणि मला रडूच कोसळलं. जखमेपायी नव्हे, कामापायी.

“तुम्ही सांगा, मी करतो,” तो म्हणाला. “रोज ओलं प्लास्टरच तर लावतो.”

“चुकलं तर...?”

“तर दोघंही घरी बसू.”

मी त्याच्या खांद्याशी उभी राहून सांगत गेले. मेण अजून कमी. कडा बोटाने दाबा, त्वचेत विरल्या पाहिजेत. मध्ये काळपट, बाहेर लाल. आता रक्त... भुवईपर्यंतच, डोळ्यात नको. त्याचा हात जराही हलत नव्हता. त्याच्या स्वतःच्या कपाळावर मात्र घाम आला होता. तो मी डाव्या हाताने माझ्या ओढणीने टिपला.

तिसरी घंटा झाली. नायक रंगमंचावर गेला. त्याने खुर्ची चाचपली आणि मान न वळवता सावकाश बसला. मी विंगेत श्वास धरून उभी. कुणी हसलं नाही. सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं, आणि पुढच्या रांगेतून कुणा बाईंचं ‘अगं बाई गं’ ऐकू आलं. समोरच्या विंगेतून दिग्दर्शकांनी मला हात जोडले. प्रयोग संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मेकअपला पुढेही मीच.

लोक पांगले. तो बेसिनवर बोटांचा लाल रंग घासत उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. मनात केवढं तरी साठलं होतं.

“माझं काम टिकलं ते तुमच्यामुळे,” मी म्हणाले. “पण त्याहून मोठं म्हणजे... आज मला खरंच दुखत होतं, आणि ते तुम्हाला कळलं. एवढ्या माणसांत फक्त तुम्हाला. हे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.”

“उपकार कसले? अजून काम संपलंय कुठे? हात बरा होईपर्यंत रोज पट्टी बदलायला यावं लागेल.”

“आणि बरा झाल्यावर?”

त्याने नळ बंद केला. हात पुसले आणि माझा पट्टीतला हात अलगद आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“बरा झाल्यावर पट्टीशिवाय धरीन म्हणतो. चालेल ना?”

मला हसू आलं, डोळेही भरून आले. अहो-जाहो करायचं त्राणच उरलं नाही.

“मग लवकर बरा कर,” मी म्हणाले.