दुसरी आवळणी

मिस्त्री त्या दिवशी भुताला भेटायला निघाला नव्हता, गॅस्केट आणायला निघाला होता. एवढं ध्यानात ठेवा, मग मला खुशाल हसा. आणि दार लोटून घ्या रे, वारा येतोय.

माझ्या ओळखीतला माणूस, म्हणून सांगतो. ट्रक त्याच्या बापाच्या वेळचा. तसलं हेड गॅस्केट, इंजिनचं धड आणि हेड यांच्यामधली सांध बंद करतं ते, आता मिळत नाही. चार दुकानं पालथी घातली, तेव्हा पाचव्याने माळ्यावरून धूळ झटकून काढून दिलं. म्हणाला, "मिस्त्री, भंगारात घाला की तो डबा!"

"घालतो. आधी एक फेरी राहिलीय."

फेरी कसली, ते ऐका. इंजिनचं हेड बसवताना त्याची बायको उजेडाला हातबॅटरी धरायची. चौदा बोल्ट. मधून सुरू करून कडेला जायचं. ती नंबर पुकारायची, तो आवळायचा. पण खरं काम पुढेच. इंजिन एकदा तापून गार झालं की सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, नाहीतर नवंकोरं गॅस्केटही दगा देतं. ही दुसरी आवळणी झाली की वहिनी प्रत्येक बोल्ट कोरडा पुसून त्यावर खडूची रेघ मारायची. एखादा अडला आणि मिस्त्रीने हातोडा उचलला, की हसायची. "अहो, हा तुमच्याच वळणावर गेलाय. आधी जरा त्याच्या मनासारखं आवळा, मग बघा कसा सुटतो."

फेब्रुवारीत असंच हेड बसवलं, इंजिन तापवलं. ती म्हणाली, "थांबते मी. गार झालं की आवळूनच टाकू." हा म्हणाला, "उद्या बघू गं."

त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली. तिला ट्रकमध्ये घालून निघाला. पुलापाशी गॅस्केट गेलं. वाफेचा लोट, आणि ट्रक जागच्या जागी उभा. दवाखाना पुलापलीकडे, चार किलोमीटर.

"पोचलो का हो?" तिने विचारलं. मग काही विचारलं नाही.

दहा महिने त्याने ट्रकला हात लावला नाही. आता त्याला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, तो ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी न्यायचा.

तर, अकरा डिसेंबरची रात्र. तेरा बोल्ट निघाले. सातवा निघेना. डिझेल पाजलं. तापवला. ठोकला. दोन वाजून दहा मिनिटांनी पाना सटकला, बोटं सोलवटली. मान वर न करता, निव्वळ सवयीने, तो म्हणाला, "अगं, उजेड जरा डावीकडे."

उजेड डावीकडे सरकला.

बॅटरी बॉनेटला तारेने बांधलेली होती…

त्याने वर पाहिलं नाही. भुताची भीती नव्हती रे. वर पाहिलं… आणि कुणीच नसलं तर?

हातोडा खाली ठेवला. पाना लावला. आधी आवळला. केसभर. मग उलटा फिरवला.

कर्रर्र…

सुटला.

हेड निघालं. घासलं. गॅस्केट बसलं. बोल्ट आवळले. हात जाईल तिथे उजेड. चार वाजता हेडवरचं झाकण लावून इंजिन तापवलं. बंद केलं. आता गार होईपर्यंत बसायचं. या खेपेला 'उद्या' नाही. झोपायचं नाही… झोपायचं नाही… आणि मडगार्डला टेकल्या टेकल्या डोळा लागला.

जाग आली तेव्हा फटफटत होतं. इंजिन गार. झाकण काढलं. पाना पुढे केला…

मागे घेतला.

झाकण परत लावलं आणि निघाला. पूल गेला. फाटक आलं. उतरून डावीकडचं दार उघडलं.

"पोचलो गं."

बराच वेळ दार धरून उभा होता.

काय म्हणालास? न आवळताच कसा निघाला? मीही तेच विचारलं. त्याने मला ट्रकपाशी नेलं, झाकण उघडलं. इंजिन फिरलं की झाकणाखाली सगळं तेलात न्हातं, आणि तेलावर खडू उमटत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आणि हा ट्रक तर पूल ओलांडून जाऊन आलेला.

चौदा बोल्ट. कोरडे.

प्रत्येकावर पांढरी रेघ.