पाण्यावर न घ्यायचं नाव

काम साधंच होतं. आयतालला ताप होता आणि खालच्या गावच्या दवाखान्यात त्याला दाखवायचं होतं. आयताल माझा मुलगा, सहा महिन्यांचा. नवरा रेनडिअरच्या कळपामागे डोंगरात, म्हणून होडी सासऱ्यांनी काढली. मी शाळेत भूगोल शिकवते. आमची नदी कुठं उगम पावते, कुठं बर्फाळ समुद्राला मिळते, सगळं पाठ. पण पोराचं कपाळ किती तापलं की घाबरायचं, ते मला कळत नाही. मी आपली आधीच घाबरून घेते.

सासऱ्यांनी लोणी लावलेला धिरड्याचा तुकडा पाण्यात सोडला. "आजी, चाललो गं."

पाण्यावर असताना नदीला आजीच म्हणायचं. नकाशातलं नाव घ्यायचं नाही. दात न आलेल्या बाळाचंही नाही. त्याला कुत्र्याचं पिल्लू म्हणायचं.

आमच्याकडं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्या उजेडातच धुकं उतरलं, पांढरं, ओल्या लोकरीच्या वासाचं. नदीला दोन फाटे फुटतात तिथं सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. एक फाटा दलदलीत नेऊन सोडतो.

"सूनबाई, कुठली धार धरू? मास्तरीण ना तू? की नुसत्या छड्याच मारतेस?"

"उजवी, बाबा. तीच खरी..." आणि वर्गात म्हणते तसं नाव तोंडातून निघून गेलं. स्पष्ट, पूर्ण.

होडीखालचं पाणी वाजायचं थांबलं.

"किती वर्षांनी कुणी नावानं हाक मारली गं..."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. अगदी जवळून. त्यात राग नव्हता; असता तर बरं झालं असतं.

"मांडीवर कोण आहे?"

"कुत्र्याचं पिल्लू, आजी," सासरे घाईनं म्हणाले. "खरजुडं आहे."

"नाव काय त्याचं...?"

मी ओठ दातांत धरले. सासऱ्यांनी दोरी ओढली, इंजिन लागलं, आवाज मागं पडला.

धक्क्यावर पांढऱ्या कोटातली बाई उभी होती. मला रडूच फुटलं. सासरे होडी बांधत होते, मी उतरून धावले. तिनं आयतालच्या कपाळावर हात ठेवला. "किती तापलंय गं! नाव काय बाळाचं?"

"आयताल."

"आयताल," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, चव घेतल्यासारखं.

तेवढ्यात वरच्या दवाखान्याचं दार उघडलं. नर्स दारातून ओरडली, "अहो, खाली एकट्याच काय उभ्या आहात? आणा बाळाला वर!"

मी वळून पाहिलं. ती नव्हती; ती उभी होती तिथल्या फळ्या ओल्या होत्या. आयतालचं कपाळ गार पडलं होतं.

आता तो चार वर्षांचा आहे. ताप पुन्हा कधी आला नाही. सासरे म्हणतात, विसर. पण काठावर खेळताना तो मधेच थांबतो, पाण्याकडं तोंड करतो आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं, थोडं वैतागून म्हणतो,

"येतो गं. अजून आई बघतेय."